एकही नाही, लिहून घे

प्रिय डॅग्नी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण वाच. नाताळात तू इथे असताना त्या मिनेसोटाच्या माणसाचं पत्र आलं. तू ते न फोडता त्यावर लाल शाईनं 'वाचणार नाही' असं लिहून परत पाठवलंस. पोस्टातल्या व्हर्लाबाईंनी दुपारपर्यंत ही गोष्ट अख्ख्या ड्राय फोर्कला सांगितली होती. म्हणून मी हे रजिस्टर्ड पाठवतोय आणि पहिल्याच ओळीत विनवतोय: राग आला तर खुर्ची फेक, मला शिव्या घाल, पण हे कागद फाडू नकोस.

वीस तारखेला कोर्टात त्या मिनेसोटाच्या माणसाला, लेलँड क्रूसला, शिक्षा सुनावतील. त्याआधी, मेलेल्याची मुलगी म्हणून, तुला बोलायला उभं करतील. 'त्याच्या डोळ्यांत बघून विचारणार आहे, माझ्या बापात तुला हरीण कुठे दिसलं,' असं तू म्हणालीस ते पेपरात वाचलं. चांगलं वाक्य आहे. तुझी वाक्यं पहिल्यापासूनच चांगली. मला सोडतानाही किती नीटनेटकं बोलली होतीस! पण हे वाक्य चुकीच्या माणसासमोर बोलायला निघाली आहेस. अठ्ठावन्न वर्षांचा, शाळेची बस चालवणारा माणूस आहे तो. त्यानं गुन्हा कबूल केलाय, आणि त्यानं तो केलेला नाही. मला माहीत आहे. कसं माहीत आहे ते सांगायला मला जरा मागे जावं लागेल. मी सरळ सांगू शकत नाही, माझी ही खोड तुला ठाऊक आहे.

बाबा बरे आहेत, म्हणजे जेवतात. रोज सकाळी टेबलावर दोन कप मांडतात, एक तुझ्या बाबांचा, आणि विचारतात, "आयनर अजून कसा नाही आला?" पहिले काही दिवस मी खरं सांगायचो की आयनरकाका गेले. मग ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे. एकदा मला इतका संताप आला की मी अर्ध्या तासात तीनदा सांगितलं. ते तीनदा रडले. हे लिहायची गरज नव्हती. पण माझ्याबद्दल तुझ्या मनात कुठे काही बरं चिकटून राहिलं असेल, तर ते पुढचं वाचायच्या आधी खरवडून निघालेलं बरं.

बोझमनच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मध्यावर तुला सिअ‍ॅटलहून डॉक्टरकीच्या प्रवेशाचं पत्र आलं, तो आठवडा आठवतो? तू म्हणालीस, "हाल, माझ्या मागे मागे येऊ नकोस. स्वतःहून कुठेतरी जा." मी स्वतःहून परीक्षेच्या हॉलमधून उठलो, कोरा पेपर टेबलावर टाकला आणि पाच तास गाडी चालवून घरी आलो. तेव्हा वाटलं, तुला केवढा धडा शिकवला! तीन वर्षं शेण काढताना मी तुला तो धडा शिकवत होतो. तुला पत्ताही नव्हता.

मग गेल्या एप्रिलात तू शिकाऊ डॉक्टर म्हणून आपल्याच दवाखान्यात आलीस, डॉ. पेल्टियरांच्या हाताखाली, तीन महिन्यांसाठी. यादीत दहा गावं होती म्हणे. दहातून तू हे निवडलंस, तर ते माझ्यासाठीच, असं मी आरशाला सांगितलं आणि दाढी केली. त्याच आठवड्यात बाबा सकाळी गुरांना चारा घालायला गाडी घेऊन निघाले ते दहा वर्षांपूर्वी विकलेल्या कुरणात जाऊन बसले, चाळीस मैलांवर. मी त्यांना दवाखान्यात घेऊन आलो. खरं सांगू? त्यांची काळजी होती, पण मी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

तू त्यांना घड्याळ काढायला सांगितलंस. त्यांनी बाराही आकडे एकाच बाजूला कोंबले आणि खुशीत तुझ्यापुढे कागद सरकवला. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. पहिल्यापासूनच बघितलं नव्हतंस. नावापुढे 'मुलगा सोबत' असं लिहिलंस आणि झालं. मग कागद उलटून विचारलंस, "गॉर्डीकाका, घरात बंदुका आहेत?"

बाबा म्हणाले, "पोरी, तुझ्या शाळेच्या बाईंकडे चार आहेत. आम्ही काय भिकारी वाटलो? कुठली हवी ते सांग!"

"मला नको हो. किती आहेत, कुठे असतात, कुलूप असतं का, तेवढं सांगा."

तेव्हा मी तोंड घातलं. "एकही नाही. लिहून घे."

"हाल..."

"हाल नाही, मिस्टर नॉर्डाल. डॉक्टर व्हायच्या आधीच झडती सुरू? उद्या विचारशील, बाई कितवी आणि अंथरूण कुठे!"

बाबांना गंमत वाटली. त्यांनी मांडीवर थाप मारली. "एकही नाही! लिही, लिही! आम्ही हरणांना दगड मारतो!" दार अर्धवट उघडं होतं. बाहेर बाकावर बसलेले सगळे हसले. तू मान खाली घालून लिहिलंस, 'नाही, मुलाच्या सांगण्यावरून.' तुझे कान लालभडक झाले होते. डॅग्नी, तीन वर्षांत मला तेवढा आनंद झाला नव्हता.

तू गाडीपाशी धावत आलीस, कोट न घालता. म्हणालीस, "भांडण माझ्याशी कर, काकांवर काढू नकोस. आज घड्याळ चुकलंय, उद्या माणूस चुकेल. बंदुका विकून टाक म्हणत नाही मी. नुसते बोल्ट काढ आणि लपव. बंदूक खुंटीवर राहील, त्यांचा मान राहील, फक्त उडणार नाही." किती सोपं सांगितलंस. हाताएवढं लोखंडी कांडं, ते काढलं की बंदूक म्हणजे काठी. मी काय विचारलं? "तू इथे माझ्यासाठी आलीस की लोकांच्या बंदुका मोजायला?" तू म्हणालीस, "तुझ्यासाठी नाही, हाल." मला तेवढंच ऐकू आलं. बोल्टचं नंतर आठवलं.

तुझ्या त्या प्रश्नाविरुद्धचा अर्ज माझ्या डोक्यातून निघाला, हेही आज ऐक. डोरीनच्या कॅफेत बसून मी लिहिला: डॉक्टरनं नाडी बघावी, कपाट बघू नये. दोनशे अकरा सह्या झाल्या. पहिली शेरीफची, निवडणूक तोंडावर होती. लोकांनी दवाखान्याच्या फॉर्मवर उत्तरं काय एकेक लिहिली! 'दोन तोफा आणि एक सासू' हे उत्तर तर डोरीननं फ्रेम करून भिंतीला लावलं. पेल्टियर म्हातारे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांनी तो प्रश्न खोडला आणि तुझ्या अहवालात लिहिलं, 'लोकांशी वागायला शिकणं आवश्यक.' तू मुदतीच्या पंधरा दिवस आधीच निघून गेलीस. तुझी गाडी चाऱ्याच्या दुकानावरून गेली तेव्हा मी पोतं खाली ठेवून हात केला. तू बघितलं नाहीस. मला वाटलं, आता तरी माझी आठवण राहील.

एकट्या तुझ्या बाबांनी सही केली नाही. "माझी पोर विचारते म्हणजे काहीतरी कारण असणार," एवढंच म्हणाले आणि आपला कप उचलून खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसले. पूर्ण उन्हाळा त्या टेबलावर एकटे. येणारेजाणारे म्हणायचे, "काय आयनर, घरी बंदुका किती? मोजून ठेवल्यास का? पोरगी तपासायला येईल!" ते हसायचे. तुला फोनवर कधी बोलले नसतील. आमच्याकडे मात्र रोज सकाळी कुरणातून चालत कॉफीला येत राहिले, मी अर्ज लिहिलाय हे माहीत असूनही. माझ्या बापाचे ते चाळीस वर्षांचे मित्र. माझ्याकडे ते मित्राचा बावळट मुलगा म्हणूनच बघायचे, आणि ते बरोबरच होतं.

सप्टेंबरात बाबांनी एकदा माझ्याकडे बघून विचारलं, "तू कुणाचा रे?" त्या दिवशी मी तिन्ही बंदुकांचे बोल्ट काढले आणि मोज्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात लपवले. तुला फोन करून सांगावंसं वाटलं. केला नाही. केला असता तर तू खरी ठरली असतीस.

पुढचं लिहिणं दुष्टपणाचं आहे. पण तुझ्या बाबांना मी देव करून ठेवणार नाही, ते तुला खपणार नाही. ऑक्टोबरात हरणांचा मोसम उघडला. सकाळी गावातले सहाजण नारंगी जाकिटं घालून बाबांना न्यायला आमच्या अंगणात आले, दरवर्षीसारखे. तुझे बाबाही आले. बाबांनी खुंटीवरून बंदूक काढली, सवयीनं बोट फिरवलं, तर तिथे नुसतं भोक. ते बघतच राहिले. कुणीतरी ओरडलं, "गॉर्डी, पोरानं तुला बैलासारखं खच्ची केलं की रे!" अंगण हसून लोळलं. बाबा हसले नाहीत. भर सभेत कपडे फाटावेत तसे उभे होते. आणि तुझे बाबा म्हणाले, "दे रे हाल, त्याचं त्याला. मी आहे ना बरोबर." पूर्ण उन्हाळा एकटं बसून माणूस कंटाळतो. त्यांना पुन्हा त्या टोळक्यात उभं राहायचं होतं. लोकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मी पिठाचा डबा आणला. पिठानं माखलेले बोल्ट बघून तर आणखीच हसले.

परत आल्यावर मी ते पुन्हा काढायला हवे होते. 'विसरलो' असं लिहून मी आत्ता खोडलं, ती खोडलेली जागा दिसेल तुला. विसरलो नव्हतो. त्या रात्री जेवताना बाबांनी मला नावानं हाक मारली आणि म्हणाले, "आज मजा आली, हाल." मी ठरवलं, राहू दे.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. उजाडत होतं. मी गुरांच्या हौदातला बर्फ फोडत होतो. कड्यावरून दोन बार ऐकू आले, लांबचे. त्या दिवसांत ते कोण मनावर घेतं? मग अर्ध्या तासानं एक बार झाला, तो इतक्या जवळ की हौदातलं पाणी हललं. धावत घरामागे गेलो तर बाबा मागच्या पायरीवर, अंगात नुसती गंजी, हातात बंदूक. खूश होते. "कोयोट होता," म्हणाले. "कालवडींपाशी. लांडग्याएवढा मोठा होता रे!"

तुझ्या बाबांनी तो तपकिरी कोट घातला होता. घरच्या कुरणातून कॉफीला जायला नारंगी कशाला, इथे कोण हरीण समजून गोळी घालतंय, असं त्यांचं म्हणणं. इथले सगळे तेच म्हणतात. हातात लेफ्साचा डबा होता, आदल्या दिवशी तुझ्या आईच्या लाटण्यानं लाटलेल्या बटाट्याच्या पोळ्या. बर्फावर पसरल्या होत्या. ते जिवंत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. तुझं नाव घेतलं, असं मी लिहू शकलो असतो, आणि तू आयुष्यभर ते जपून ठेवलं असतंस. नाही घेतलं. "गॉर्डीला सांगू नकोस," म्हणाले. दोनदा. मग नाही बोलले.

मी बंदूक पुसून खुंटीला लावली. बाबांना शर्ट घातला, टीव्हीसमोर बसवलं. मग शेरीफला फोन केला: कड्यावरून बार ऐकू आले आणि काका कुंपणापाशी पडलेले सापडले. दोन्ही वाक्यं खरी आहेत बघ. पोलिसांच्या गाड्यांचे दिवे बघून तो लेलँड क्रूस आपणहून कड्यावरून उतरला. एका हरणावर दोन गोळ्या घातल्या होत्या त्यानं, दोन्ही चुकल्या होत्या. "मी ह्याच बाजूला मारलं होतं," म्हणाला आणि बर्फात खाली बसला. कुणी त्याच्यावर आरोप करायच्या आधीच त्यानं मान्य केलं. मी तिथेच होतो, चार पावलांवर. त्याला पाणी मीच आणून दिलं.

काकांचा शेवटचा शब्द पाळतोय, असं मी स्वतःला सांगत आलो. तेही खोटं. स्मशानात पेटीला खांदा देऊन झाल्यावर तू माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस. जेमतेम श्वासभर. माझ्या मनात काय आलं सांगू? 'चला, हे तरी मिळालं.' तुझा बाप दहा पावलांवर मातीत उतरत होता आणि मी तुझ्या केसांचा वास घेत होतो. डिसेंबरात तू चारदा फोन केलास. चौथ्यांदा म्हणालीस, "हाल, तू होतास तिथे, म्हणून बरं वाटतं." त्या चार फोनांसाठी मी एका माणसाला तुरुंगात जाऊ देत होतो. पाचवा आला असता तर कदाचित आजही गप्प असतो.

पाचवा आला नाही. जानेवारीत क्रूस आला. जामिनावर आहे. जिथे माणूस मेला ती जागा एकदा बघायची होती त्याला. टोपी हातात घेऊन दारात उभा. मी काही बोलायच्या आत बाबा आतून ओरडले, "आयनर! किती उशीर केलास! कॉफी गार झाली!" आणि त्याला हात धरून खुर्चीपाशी नेलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, बसा म्हणून. तो बसला आणि तुझ्या बाबांच्या कपातून कॉफी प्यायला. बाबा त्याला गाईंचं सांगत राहिले, तो 'हो, हो' म्हणत राहिला. अर्धा तास. जाताना दारात मला म्हणाला, "माझ्याशी इतकं चांगलं वागू नका, मला ते सहन होत नाही." घरी त्याची बायको त्याच्याशी बोलत नाही. मुलांची बस आता त्याला चालवायला देत नाहीत. त्याला खरोखर वाटतं की तो खुनी आहे, डॅग्नी. त्याची खात्री आहे.

गुरुवारी मी शेरीफकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही. "घरी जा, पोरा," म्हणाला. "क्रूस बाहेरचा माणूस. स्वतः कबूल झालाय. चार वर्षांत सुटेल. ज्याला स्वतःचं नाव आठवत नाही त्या गॉर्डीला काय मी बेड्या घालू? आणि सगळ्याचा नीट विचार कर. त्या अर्जावर पहिली सही माझी आहे. खाली दोनशे दहा. अख्ख्या गावाला तू सांगणार, की ती पोर बरोबर होती?" मी म्हटलं, हो. तो हसला. "तिच्यापायी तुझं डोकं फिरलंय हे सगळ्यांना माहीत आहे. कोण विश्वास ठेवेल?"

बरोबर बोलला तो. वीस तारखेला मी कोर्टात उठून ओरडलो, तर दोन पोलीस मला बाहेर काढतील आणि संध्याकाळी डोरीनकडे नवा विनोद होईल. त्या खोलीत एकच माणूस असा असेल ज्याला खाली बस म्हणायची कुणाची हिंमत नाही, आणि ती तू आहेस. म्हणून हे लिहिलं. माफीसाठी नाही. तुला बोलायला उभं केलं की हे पत्र काढ आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच. काका पडले त्याच्या मागे कालवडींच्या कुंपणाचा तिसरा खांब आहे. त्यात गुडघ्याच्या वर ती गोळी रुतलेली आहे. सगळ्यांनी ती उलट्या बाजूला, कड्याकडून आली असं धरून शोधली. मी तिला हात लावलेला नाही. बंदूक खुंटीवर आहे, माणसं पाठवून दोन्ही जुळवून बघा म्हणावं. बाबांना न्यायला मिनीआत्या अठराला येतेय, त्यांना काही कळणार नाही. मी मागच्या बाकावर बसलेला असेन, इस्त्रीचा शर्ट नसेल. प्रेमाबिमाची वाक्यं गाळू नकोस, नाहीतर म्हणतील पत्र पूर्ण नाही. लोक हसतील. हसू दे. त्यांचं हसून संपलं की खांबाचं वाच, आणि क्रूसकडे बघ.

तुझाच, आणि कोर्टाच्या नोंदीसाठी पूर्ण नाव,
हाल्वर गॉर्डन नॉर्डाल